कार्यानुभव : कापडी अस्वलाची मुद्रा

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी रंगाने सजीव होतात. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यामुळे ‘टेडी’ नाव पावलेले अस्वल मुले चिंध्यांतून बोटभर उंचीचे शिवतात. त्याची मुद्राही छटेनेच खुलते.

चेहरा शिवून झाल्यावर कुंचला तपकिरी रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करावा. ओला रंग कापडात पसरतो. डोळ्यांभोवती व नाकाच्या दोहों बाजूंस प्रथम फिकट छटा द्यावी. ती मागाहून गडद करता येते. गडद झालेली फिकट होत नाही. ओठांची रेघ टोकांशी वर नेल्यास मुद्रा हसरी, खाली नेल्यास खिन्न दिसते.

शिक्षकांनी फळ्यावर नमुना काढू नये. सर्व अस्वले सारखी दिसली, तर ती मुलांची नव्हेत, गुरुजींची होत.