मैदानावरचे गुरुजी

[खेळाडूचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण त्याला घडवणारा प्रशिक्षक बहुधा मैदानाच्या कडेलाच उभा असतो. मुंबईच्या शिवाजी पार्कवर अनेक वर्षे मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्या रमाकांत आचरेकर यांचा परिचय या पाठात करून दिला आहे.]

रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचा जन्म १९३२ साली झाला. त्यांचे गाव कोकणातील मालवण. लहानपणापासून त्यांना क्रिकेटचे वेड होते. मुंबईत ते क्लबकडून आणि गिरणीच्या संघातून खेळले. पुढे ते स्टेट बँकेत नोकरीला लागले. बँकेच्या संघाकडून १९६३-६४ च्या हंगामात ते हैदराबादविरुद्ध मोइनुद्दौला करंडकाचा सामना खेळले. प्रथम दर्जाचा त्यांचा हा एकच सामना. मोठा खेळाडू होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

दुसरा कोणी निराश झाला असता. आचरेकरांनी मात्र नवी वाट धरली. जे आपल्याला मिळाले नाही, ते मुलांना मिळावे, म्हणून ते शिकवू लागले. त्यांनी शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्रिकेट क्लब सुरू केला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेच्या संघालाही ते शिकवत. मुले त्यांना 'सर' म्हणत.

सरांची शिकवण्याची पद्धत सरळ होती. नुसत्या सरावाने खेळाडू तयार होत नाही, त्याने सामने खेळले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. म्हणून ते मुलांसाठी सतत सराव-सामने ठरवत. १९८४ साली अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्याकडे आला. सुट्टीत सकाळी साडेसातला त्याचा सराव सुरू होई. मग दिवसभर सामना आणि संध्याकाळी पुन्हा सराव. एका मैदानावरचा खेळ संपला, की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. पहिल्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या ६० दिवसांत सचिन ५५ सराव-सामने खेळला.

संध्याकाळी मुलगा थकला, की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करील, नाणे त्याचे. सचिन बाद झाला नाही, तर नाणे सचिनचे! अशी तेरा नाणी त्याने जिंकली. पुढे जगभरातील बक्षिसे मिळाली, तरी ती नाणी त्याने जपून ठेवली.

सर शिस्तीचे कडक होते. एकदा त्यांनी सचिनसाठी सराव-सामना ठरवला होता. तो न खेळता सचिन वानखेडे स्टेडियमवर आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेला. तिथे सर भेटले. ते चांगलेच रागावले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, असे त्यांनी त्याला बजावले.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना झाला. शारदाश्रमच्या सचिनने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या. दोघांची भागीदारी ६६४ धावांची! डाव घोषित करा, असा सरांचा निरोप होता. सरांचे सहायक सीमारेषेवरून खुणा करत राहिले. मुलांनी तिकडे पाहिलेच नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांशी फोनवर बोलणे झाले. विनोदला ३५० साठी एकच धाव हवी होती. तरीही डाव घोषित करावा लागला. विक्रम एकट्या-दुकट्याचा असतो, पण सामना संघाला जिंकायचा असतो, हे सर विसरले नव्हते.

बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार असे त्यांचे कितीतरी शिष्य भारताकडून खेळले. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. पण 'छान खेळलास' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत. कौतुकाने मुलगा गाफील होईल, अशी त्यांना भीती वाटे. खुशीत असले, की ते मुलांना वडापावसाठी पैसे देत. हीच त्यांची शाबासकी! १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्तीच्या भाषणात सचिन गमतीने म्हणाला, की आता मला एकही सामना खेळायचा नाही; आता तरी सरांनी शाबास म्हणायला हरकत नाही.

२ जानेवारी २०१९ रोजी सरांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी शिष्यांनी बॅटा उंचावून त्यांना मानवंदना दिली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले.

असे उस्ताद फक्त मुंबईतच असतात असे नाही. मंचर, घोडेगाव, जुन्नर अशा गावांतील मैदानांवरही शिट्टी घेऊन उन्हात उभे राहणारे क्रीडाशिक्षक असतात. त्यांचे स्मारक होत नाही. त्यांनी शिकवलेले विसरायचे नाही, एवढे मात्र शिष्यांच्या हाती असते.

शब्दार्थ
उपान्त्य – शेवटच्या आधीचा
यष्टी – स्टंप
बजावणे – ठामपणे सांगणे
गाफील – बेसावध
मानवंदना – सन्मानाने केलेला नमस्कार

स्वाध्याय
१. आचरेकर सर सराव-सामन्यांना इतके महत्त्व का देत?
२. विनोदला एकच धाव हवी असताना डाव घोषित केला गेला. हे तुम्हांला योग्य वाटते का? कारणे सांगा.
३. 'मैदान', 'उस्ताद', 'शाबास', 'गाफील' हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. पाठाबाहेरचे असे आणखी पाच शब्द लिहा.
४. तुमच्या क्रीडाशिक्षकांविषयी आठ-दहा ओळी लिहा.