आधी पाठीला विचार

संतपूर, ता. औराद, जि. बिदर

चि. भाचीबाईस,

काल फोनवर तीन लॅपटॉपांची नावं घेऊन तू विचारलंस, "मामा, यातला कोणता घेऊ?" तेव्हा घाईत काही सांगितलं नाही. दाजींनी तुरीच्या पैशातून साठ हजार बाजूला काढलेत. त्या पैशाला घाईचं उत्तर शोभत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझी फजिती ऐक. शाळेतल्या प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या याद्या करायला मला लॅपटॉप हवा होता. दुकानदार म्हणाला, "सर, हा घ्या, दहा वर्षं बघायला नको." घेतला. निघाला तो खेळणाऱ्या पोरांसाठीचा: अडीच किलोचा, चार्जर वेगळाच जड. बॅटरी दीड तासात मान टाकायची आणि लाईट गेली की माझं कामही जायचं. महिनाभर शाळेत वाहून नेला, मग तो टेबलावरून हलला नाही. गाडीला बैल हवा होता आणि मी दारात हत्ती बांधला.

तुझं तसं होऊ नये म्हणून आधी तुझा दिवस मांड. तुला रोज औरादहून बिदरला, इंजिनिअरिंग कॉलेजात जायचंय. 11 जून 2023 पासून आपल्या राज्यात बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, हे उत्तमच झालं. पण बस आमच्या फाट्यावर येते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, हे मी बघतो. म्हणजे उभ्यानं प्रवास, पाठीवर डबा, पाण्याची बाटली, वह्या आणि त्यात लॅपटॉप. म्हणून 14 इंची, दीड किलोच्या आतबाहेरचा बघ, आणि वजन वाचताना चार्जरही त्यात धर. टाइप-सी चार्जिंगचा मिळाला तर चार्जरचं ओझंही हलकं होतं.

आता ताकद. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'यू' असेल तर तो साधारण 15 वॉटचा, बेतानं वीज खाणारा. 'एच' असेल तर 45 वॉटच्या घरातला. जोर जास्त, पण तापतो आणि बॅटरी पितो. प्रोग्रामिंग शिकायला नव्या पिढीचा 'यू' पुरतो. रॅम मात्र 16 जीबीच घे. 8 जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकदम उघडलेस की मशीन धापा टाकेल. पातळ लॅपटॉपात रॅम बऱ्याचदा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साठवणीची एसएसडी बहुधा बदलता येते. तेव्हा पैसे कमी पडलेच तर साठवण 512 जीबीवर ठेव, रॅम कापू नकोस.

खोक्यावरचे बॅटरीचे तास खरे धरू नकोस, वॉट-अवर बघ. 50 वॉट-अवरची बॅटरी आणि मशीन 10 वॉट खात असेल तर पाच तास. भागाकार तुला येतो.

कळफलकावर दुकानातच दोन ओळी टाइप करून बघ. आपल्याकडे घरी मराठी, कचेरीत कन्नड. इनस्क्रिप्ट या टायपिंगच्या पद्धतीत दोन्ही भाषांचा 'क' एकाच कळीवर असतो. एका भाषेत हात बसला की दुसरीत अर्धं काम झालेलंच असतं. चार वर्षांत दोन्हीकडचे अर्ज तुलाच भरावे लागतील, गल्लीतले सगळे तुझ्याकडेच येतील.

आणखी एक. बिघडला तर दुरुस्ती बिदरला होते की हैदराबाद गाठावं लागतं? घरी येऊन दुरुस्त करतात म्हणाले, तर औरादचा पिनकोड सांगून खात्री कर. पक्कं बिल घे.

दुकानात जाताना कॉलेजचं दप्तर नेहमीसारखं भरूनच ने. पसंत पडलेला लॅपटॉप चार्जरसकट त्यात ठेवायला सांग आणि दहा मिनिटं उभी राहा. दुकानदार हसेल, हसू दे. रोज बसमध्ये तो येणार नाही.

आक्काला आणि दाजींना नमस्कार सांग. घेतलास की पहिलं पत्र त्यावर मराठीत लिही.

तुझा,
मामा