वाट तयार करा

मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी पाठ
वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद १९:१–१०; गणना २७:१–११; नहेम्या २:११–१८.

आश्रयनगरांविषयीचा नियम आपण बहुधा तारणाचा दाखला म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्त हाच आपला आश्रय होय. तथापि या नियमात एक साधी, ऐहिक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला त्याने पळून जाऊन जीव वाचवावा म्हणून परमेश्वराने नगरे नेमावयास सांगितली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. देशाचे तीन भाग करावे, आणि नगराकडे जाणारी वाट तयार करावी, अशीही त्याची आज्ञा आहे. कारणही तेथेच दिले आहे : वाट लांब पडली तर पाठलाग करणारा त्यास गाठील आणि मरणास पात्र नसलेला मनुष्य मरेल. पुढे यार्देनेच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन आणि पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान ही नगरे नेमली गेली. ती इस्राएलाप्रमाणे परक्यासही खुली होती.

यावरून आपण काय शिकावे? दया करावयाची तर अंतर मोजावे लागते. नगर आहे पण वाट नाही, तर पळणाऱ्याच्या दृष्टीने नगरच नाही. आजच्या खेड्यात शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार व तहसील कचेरी ही आश्रयाची ठिकाणे आहेत. मध्ये भरलेला ओढा असला, तर अडलेल्या बाळंतिणीस दवाखाना असून नसल्यासारखा होतो.

येथे आम्हांस आपला दोष कबूल केला पाहिजे. आमच्याकडे असलेल्या एका मंडळीच्या गावापर्यंत डांबरी सडक आली. ओढ्यापलीकडची आपल्या लोकांची वस्ती मात्र तशीच राहिली. दर पावसाळ्यात आम्ही त्या वाटेसाठी प्रार्थना करीत असू. एके वर्षी श्रावणात एका बहिणीस वेणा लागल्या. चौघांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणले आणि पाणी उतरेपर्यंत तेथेच बसून राहावे लागले. आई वाचली, मूल वाचले नाही. त्यानंतर आम्ही पंचायतीत जाऊन ग्रामसभेचे मागील कामकाज वाचावयास मागितले. कोणकोणते रस्ते करावे हे तेथे वर्षानुवर्षे ठरत आले होते. आमच्या वस्तीचे नाव एकदाही निघाले नव्हते. कोणी नाकारले नव्हते. कोणी मागितलेच नव्हते. त्यांतील एका सभेच्या दिवशी तर आम्ही स्वतःच वस्तीवर उपासना ठेवून सर्वांस तेथे बसविले होते. प्रार्थना केली हे चुकले नाही. प्रार्थना करून घरी बसलो, हे चुकले.

आपले लोक असे का गप्प राहतात? एक कारण जुने भय होय. ज्यांचे वाडवडील वेशीबाहेर उभे राहिले, त्यांस चावडीत बसून बोलणे अवघड वाटते. दुसरे कारण जुनी सवय होय. पूर्वी मिशनचे साहेब सरकारास पत्र लिहीत आणि आपण वाट पाहत असू. ते दिवस सरले. सलाफहादाच्या पाच मुलींकडे पाहा. त्यांच्या वतीने बोलणारा बाप नव्हता, भाऊ नव्हता. त्या मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपले मागणे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निवाडा परमेश्वराने दिला.

कायद्यानेही आपणांस उभे राहण्यास जागा दिली आहे. १९९२ साली संसदेने संमत केलेली ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या तिच्या यादीत रस्ते, मोऱ्या, पूल व नावा यांचा समावेश आहे. गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, आणि त्यांपूर्वी स्त्रियांची सभा व्हावी असा नियम आहे.

उपदेशकांनी मंडळीतील पंच, स्त्रिया व तरुण यांस पुढील चार बैठकींत तयार करावे, अशी आमची सूचना आहे.

पहिली बैठक : पाहणे व मोजणे. नहेम्याने बोलण्याआधी रात्री फिरून तट पाहिला. तसेच सर्वांनी वही घेऊन वाट चालून पाहावी. शाळा व दवाखाना किती दूर आहेत, ओढा पावसाळ्यात किती दिवस अडतो, रोज किती मुले व किती मजूर जातात, बाजाराचा वार कोणता, हे लिहावे. ‘फार हाल होतात’ या शब्दांपेक्षा मोजलेली संख्या अधिक बोलते.

दुसरी बैठक : नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशाची नक्कल आणावी. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने व पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखविलेली असते. आपली वाट तीत आहे काय? रस्त्यांच्या सरकारी यादीत तिला क्रमांक आहे काय? क्रमांक नसलेल्या वाटेस पैसा मिळणे कठीण; म्हणून प्रथम क्रमांक मागावा.

तिसरी बैठक : कोणाकडे जावे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्ह्याचा एकत्र आराखडा जिल्हा नियोजन समिती करते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस.टी. धावली, त्या एस.टी.ची फेरी किंवा शाळेच्या वेळेस गाडी हवी असल्यास अर्ज आगार व्यवस्थापकाकडे करावा. गाडी वळण्यास जागा कोठे आहे, हेही त्यात लिहावे.

चौथी बैठक : बोलण्याचा सराव. मंदिराच्या ओसरीवर ग्रामसभा भरल्याप्रमाणे बसावे. प्रत्येकाने उभे राहून दोन मिनिटे बोलावे. भगिनींनी आधी बोलावे. ठराव लिहिला गेला की नाही, हे सभा उठण्यापूर्वी पाहावे व त्याची नक्कल घ्यावी. अर्जाची पोच घेतल्यावाचून परत येऊ नये. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास बंधनकारक आहे.

दोन गोष्टींविषयी सावध असावे. पहिली, आपण केवळ ख्रिस्ती वस्तीसाठी मागू नये. आश्रयनगर परक्यासही खुले होते. त्याच ओढ्यातून धनगर व आदिवासी बांधव जात असतील, तर अर्जावर त्यांच्याही सह्या असाव्या. दुसरी, रस्ता कोणाच्या तरी जमिनीतून जातो. पंतप्रधान ग्राम सडक योजनेत, जी २००० साली सुरू झाली, जमिनीच्या किमतीसाठी पैसा नसतो. तेव्हा दुर्बळाचा बांध गुपचूप मोडून आपली सोय करणे हे नाबोथाच्या मळ्याचेच पाप होय. त्यास आधी विचारावे, वाट शक्यतो बांधावरून न्यावी, आणि त्याचा तोटा सर्वांनी मिळून सोसावा.

त्या ओढ्यावर हे लिहीत असता अद्याप पूल नाही. पण वाटेचा ठराव झाला आहे, आणि तो ज्या सभेत झाला तीत प्रथम उभी राहिली ती तीच बहीण. तिने मुलाविषयी एक शब्दही काढला नाही. ओढा किती दिवस अडतो तेवढे वहीतून वाचले आणि ती खाली बसली. सभा स्तब्ध झाली होती.

मननासाठी प्रश्न : १. आपल्या वस्तीपासून सर्वांत दूर पडलेला आश्रय कोणता? २. मागील ग्रामसभेस मंडळीतील किती जण होते? ३. पुढील सभेच्या दिवशी मंडळीचा दुसरा कार्यक्रम ठेवलेला नाही ना?

प्रार्थनेचा विषय : ज्यांची वाट लांब आहे ते सर्व, आणि त्यांच्यासाठी बोलावयास लागणारे धैर्य.