पोराच्या हाती बाटली कोण देतो?



एका हळदीच्या रात्री साडेअकराच्या सुमारास चौदा वर्षांच्या एका मुलाला रिक्षात घालून रुग्णालयात आणले. आमच्यातल्या दोघी तेव्हा रात्रपाळीला होत्या. हाका मारल्या तरी पोरगा डोळे उघडत नव्हता. अंग गार पडले होते, शर्टावर उलटी होती. सोबतचे सगळे एकच सांगत होते, "सिस्टर, जेवणातून काहीतरी झालंय." पण तोंडाचा वास लपत नव्हता. रक्तातली साखर तपासली तर फार खाली उतरलेली. सलाईनमधून ग्लुकोज दिले, कुशीवर झोपवून रात्रभर श्वासावर लक्ष ठेवले. पहाटे त्याने डोळे उघडले. आईने विचारले, "कुठून आणलीस?" तो म्हणाला, "आणली नाही. काकानंच दिली. म्हणाला, आता तू मोठा झालास."

मुलगा वाचला. पण त्याचे उत्तर आमच्या मनातून गेले नाही. पोरे नाक्यावरच्या दुकानातून चोरून आणत असतील, असे आम्हीही समजत होतो. त्यानंतर महिला मंडळाच्या बैठकांत आम्ही विचारत गेलो, आपल्या मुलाने पहिला घोट कुठे घेतला? कुणी म्हणाली हळदीत, कुणी म्हणाली जयंतीच्या मिरवणुकीत, कुणी म्हणाली बापाच्या ग्लासात उरलेली. दुकानाचे नाव क्वचितच आले. म्हणून या लेखात दुकानाच्या आधी आपल्या घराविषयी बोलायचे आहे.

लहान वयात दारू जास्त का बाधते?

मुलाचे वजन कमी असते. तेवढीच दारू मोठ्या माणसापेक्षा त्याच्या रक्तात जास्त चढते. मुलांच्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो. पोटात अन्न नसताना दारू गेली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि मूल बेशुद्ध पडू शकते, त्याला झटके येऊ शकतात. लोकांना वाटते, 'जास्त झाली, झोपलाय.' खरे तर तो झोपलेला नसतो, बेशुद्ध असतो.

दुसरी गोष्ट मेंदूची. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पुढचा-मागचा विचार करणारा, मनाला आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. घडत असलेल्या मेंदूवर दारू वारंवार पडली की लक्ष लागत नाही, पाठ केलेले टिकत नाही. आपल्या घरातले मूल दहावीत मागे पडते तेव्हा आपण शिकवणीला, शाळेला दोष देतो. कधी हेही कारण असते.

तिसरी गोष्ट व्यसनाची. अमेरिकेत 27 हजारांहून अधिक लोकांची एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी 15 वर्षांच्या आत दारू सुरू केली, त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. ज्यांनी विशीत किंवा त्यानंतर सुरू केली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. लवकर पिणारा प्रत्येक जण व्यसनी होतोच असे नाही. पण पहिला घोट जितकी वर्षे पुढे जाईल, तितका धोका कमी होतो. ती वर्षे मुलाला मिळवून देणे आपल्या हातात आहे.

"बिअर म्हणजे काय दारू थोडीच!" असे पोरे म्हणतात, मोठेही म्हणतात. हिशेब करून पाहा. 8 टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्की-रमच्या 60 मिलीच्या एका पेगमध्ये ते सुमारे 26 मिली असते. म्हणजे एक बाटली संपवणाऱ्या पोराने दोन मोठे पेग घेतले.

"जा रे, पटकन घेऊन ये"

संध्याकाळी कामावरून आलेला माणूस पोराच्या हातात शंभराची नोट देतो आणि म्हणतो, "जा रे, पटकन घेऊन ये, उरलेल्या पैशाचं तुला काहीतरी घे." पोरगा जातो. दुकानदार त्याला ओळखतो, कागदात गुंडाळून देतो. पुढे चकणा आणणे, ग्लास धुणे, सोडा ओतणे हेही त्याच्याकडेच येते. सात-आठ वर्षांच्या मुलाला दर ब्रँडचा भाव पाठ असतो आणि आपण कौतुकाने हसतो. दारू ही घरातली रोजची वस्तू आहे, हे तो असाच शिकतो. एक दिवस ग्लासाच्या तळाशी उरलेली तो चाखून पाहतो. त्या दिवशी त्याला कुणी बिघडवलेले नसते. आपणच त्याला तिथवर चालत नेलेले असते.

याबाबत कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक घराला माहीत हवे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे 18 वर्षांखालील मुलाला दारू देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 78 प्रमाणे मुलाकडून दारू विकून घेणे, वाहून नेणे, पोचवणे यालाही तेवढीच शिक्षा आहे. आपल्या राज्यात बिअर-वाईनसाठी किमान वय 21 आणि कडक दारूसाठी 25 आहे. आम्ही हे कुणाला तुरुंगात धाडायला सांगत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला दारू आणायला पाठवणे ही 'साधी गोष्ट' नाही, हे काका-मामांना कळावे म्हणून सांगतो.

पाचवे शील फक्त वंदनेपुरते नको

आपण विहारात पंचशील घेतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. त्याचे कारणही त्यातच सांगितले आहे, प्रमाद. म्हणजे भान सुटणे. सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते, बुद्धी मंद होते. आम्ही रुग्णालयात पाहिले ते यापेक्षा वेगळे नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

त्याच्या एकोणतीस वर्षे आधी, डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी सांगितले होते. त्यांनी नवऱ्याबरोबर मुलाचेही नाव घेतले, याकडे आम्हाला लक्ष वेधायचे आहे. आज आम्ही त्याचा अर्थ असा घेतो: लेकरू उपाशी ठेवू नका, पण त्याचे पिणे झाकू नका. 'जेवणातून काहीतरी झालंय' हे झाकणेच आहे. आणि ज्या मिरवणुकीत सकाळी बुद्धवंदना होते, त्याच मिरवणुकीत रात्री डीजेमागे पोरे झिंगताना दिसली, तर तो दोष फक्त पोरांचा नाही. वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या मोठ्यांचाही आहे.

आमचा फसलेला मोर्चा आणि आइसलँडचा धडा

आमच्या वस्तीत आम्ही सुरुवात चुकीच्या टोकाने केली. पहिल्यांदा दारूच्या दुकानावर मोर्चा नेला. आठ दिवस दुकान बंद राहिले, नंतर मागच्या दाराने सुरू झाले. पोरांना फरक पडला नाही, कारण त्यांना दारू दुकानदार देत नव्हता, घरचेच देत होते. संध्याकाळी त्यांना करायला दुसरे काही नव्हते, हेही तसेच राहिले.

पोरांची संध्याकाळ बदलली तर काय होते, हे आइसलँड या देशाने दाखवले आहे. युरोपच्या टोकाला असलेला हा चार लाखांहून कमी वस्तीचा देश. तिथे 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. त्यांनी काय केले? दरवर्षी शाळांतून मुलांनाच नाव न लिहिता प्रश्न विचारले. 20 वर्षांखाली दारूविक्री बंद ठेवली. रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत घरी यायचे, याची वेळ ठरवली. आई-बापांनी आपसांत लेखी करार केले आणि गटागटाने रात्री वस्तीतून फेऱ्या मारल्या. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी पैसे दिले. त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे नाही. पण आई-बापांनी एकमेकांशी ठरवणे आणि संध्याकाळी वस्तीतून एक फेरी मारणे, याला पैसा लागत नाही.

आपल्या वस्तीत काय करावे

1. घरोघरचा ठराव. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तीन गोष्टी ठरवाव्यात: मुलांना दारू, सोडा, चकणा आणायला पाठवणार नाही. मुलांसमोर पिणार नाही. दुसऱ्याचे मूल पिताना दिसले तर त्याच्या घरी सांगू आणि आपल्याला कुणी सांगितले तर भांडणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आमच्याकडे ती पाळायला वर्ष लागले.

2. हळद आणि जयंती. लग्नाची तारीख ठरली की महिला मंडळाने घरी जाऊन बोलावे. हळदीच्या रात्री पोरांसोबत थांबायला दोन जबाबदार माणसे नेमावीत. जयंती मंडळाने वर्गणी घेतानाच सांगावे की पिऊन आलेल्याला मिरवणुकीत जागा नाही, मग तो पदाधिकारी का असेना.

3. सहा ते नऊ. पोरे बिघडण्याची हीच वेळ. विहारात अभ्यासिका, कबड्डी, लेझीम, वाचनालय, जे जमेल ते सुरू करावे. आमची अभ्यासिका एका ट्यूबलाइटवर आणि दोन सतरंज्यांवर सुरू झाली.

4. फेरी. शनिवारी रात्री चार आया आणि दोन बाप अशी फेरी काढावी. आरडाओरडा नको. मैदान, पाण्याची टाकी, बंद पडलेले शौचालय, अशा ठिकाणी जाऊन फक्त म्हणावे, "चला रे, उशीर झाला."

5. दुकान. मुलांना विकणाऱ्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी. दुकानच नको असेल तर 'आडवी बाटली'चा मार्ग आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. नियमात ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे नियम त्याच कार्यालयातून लेखी घ्यावेत.

मूल पिऊन पडले तर

मूल हाक मारून, चिमटा घेऊन जागे होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर असेल, अंग गार किंवा ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील, तर लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटे सोडू नका. लिंबूपाणी, कॉफी, ताक पाजू नका. तोंडात बोट घालून उलटी काढू नका. थंड पाण्याने अंघोळ घालू नका. डॉक्टरांना खरे सांगा. लपवल्याने उपचाराला उशीर होतो.

हातभट्टीची किंवा सुटी दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके, पोटात कळा, धाप असे झाले तर ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली. अशा वेळी तडक मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

दुसऱ्या दिवशी मुलाला मारू नका. मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी अधिक लपून पिते. शेजारी बसून तीनच गोष्टी विचारा: कुणी दिली, कधीपासून, का घ्यावीशी वाटली. रोज पिणाऱ्या मुलाचे हात थरथरत असतील, घाम येत असेल, तर घरी अचानक बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि संकटातल्या मुलांसाठी 1098 हे क्रमांक मोफत आहेत. भिंतीवर लिहून ठेवा.

हळदीतला तो मुलगा नंतर आमच्या अभ्यासिकेत येऊ लागला. त्याच्या काकानेही पुढे एका बैठकीत उभे राहून सांगितले, "मी दिली होती. मला वाटलं, लाड केला." खाली बसताना त्याचे डोळे भरले होते. त्या बैठकीत आणखी तिघे उठले.

पुढच्या रविवारी आपापल्या विहारात हा लेख एकाने मोठ्याने वाचावा. मग प्रत्येकाने स्वतःला विचारावे: माझ्या पोराला दारू आणायला मी शेवटचे कधी पाठवले? उत्तर 'काल' असेल तरी हरकत नाही. आज पाठवू नका.

जय भीम. नमो बुद्धाय.