पीक पाहणी आता शेतकऱ्याच्या हाती

सातबाऱ्यातील गाव नमुना ७ वरून जमीन कोणाची ते कळते, तर नमुना १२ वरून त्या जमिनीत काय पिकले ते कळते. आपण नाव नीट आहे ना एवढेच पाहतो. परंतु भाताची हमीभावाने विक्री असो वा अवकाळी पावसाची नुकसानभरपाई, तेथे नमुना १२ बघितला जातो. उभे भात आडवे झाले आणि उताऱ्यावर 'पड' लिहिलेले असले, तर पंचनाम्याच्या वेळी वाद होणारच.

पूर्वी ही नोंद तलाठ्याने करावयाची असे. एका सज्जात अनेक गावे, त्यामुळे प्रत्येक बांधावर जाणे जमत नसे व कित्येकदा मागील वर्षाचेच पीक पुढे ओढले जाई. दि. १५ ऑगस्ट २०२१ पासून महसूल व कृषी विभागांनी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढावयाचे, त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. मोबाईल ही यातील नवी गोष्ट नव्हेच. नोंद करण्याचा अधिकार कचेरीतून बांधावर आला, हे खरे नवे.

मीरा-भाईंदर परिसरातील उत्तन, काशी, चेणे येथील शेतकऱ्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. २००२ साली महानगरपालिका झाली, तेव्हा सातबाराही तेथेच मिळेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. पालिका घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले पाहते. शेतजमिनीची नोंद महसूल खात्याकडेच आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. नुसता पाहण्यासाठी असलेला विनास्वाक्षरीचा उतारा कामकाजाला चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

नोंद करताना गट क्रमांक तपासावा. मिश्र पीक असल्यास दोन्ही पिकांचे क्षेत्र द्यावे. बांधावरची आंबा, नारळाची झाडेही लिहावीत. ती बहुतेकजण विसरतात. डोंगराकडेला रेंज नसल्यास शेतातच माहिती भरून घ्यावी व रेंजमध्ये आल्यावर पाठवावी. भात निसवण्याची वाट पाहू नये, कारण मुदत हंगामाप्रमाणे ठरते व शेवटच्या दिवसांत यंत्रणेवर ताण येतो. ज्यांना मोबाईल जमत नाही अशा वृद्धांची अडचण मात्र खरी आहे. त्यांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गावच्या सहायकाची चौकशी करावी.

अल्पभूधारक किंवा शेतकरी असल्याचा दाखला काढताना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. अर्ज देताना क्रमांक व तारीख असलेली पोच अवश्य घ्यावी. मुदतीत काम न झाल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. तेथेही न्याय न मिळाल्यास द्वितीय अपील व शेवटी राज्य सेवा हक्क आयोग आहे. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे दाखविता येत नाही, म्हणून ती सातबाऱ्याच्याच फाईलमध्ये लावून ठेवावी.