अनेक संचिका, एकच हाताळणी

जामखेडहून नगरला आलेल्या शेतकऱ्यास "संबंधित लिपिक रजेवर आहेत" एवढेच उत्तर मिळाले, तर त्याचा दिवस आणि एस.टी.चे भाडे दोन्ही वाया जातात. कागद कार्यालयातच असतो. तो कोठे आहे हे मात्र एकालाच ठाऊक असते.

१९८०च्या दशकात श्री. अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना कार्यालयीन कामाची जी फेरमांडणी झाली, ती पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर परिचित झाली. या मांडणीशी निगडित सहा गठ्ठा पद्धतीत प्रकरण जमिनीचे असो वा पुरवठ्याचे, त्याच्या जागा ठरलेल्या असतात : चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे. विषय निराळे, हाताळणी एक. त्यामुळे बदली कर्मचाऱ्यासही कागद सापडतो.

संगणकाच्या वस्तुकेंद्री आज्ञावलीतही हेच तत्त्व आहे. डिस्कवरील संचिका, संकोचित संचिका आणि दूरच्या यंत्राशी असलेली जोडणी यांचे अंतरंग भिन्न असते. तरी 'वाच', 'लिही', 'बंद कर' या आज्ञा तिन्हींना सारख्याच देता येतात. प्रत्यक्ष वाचन कसे करावयाचे, ते ज्याचे तो जाणतो.

अर्थात बाह्य रूप एक झाले म्हणून प्रकार एक होत नाहीत. डिस्कवरील संचिकेत मागे जाऊन पुन्हा वाचता येते. जोडणीतून वाहून गेलेला मजकूर तसा परत मिळत नाही. दप्तरातही 'अ' वर्गाचा कागद कायम, 'ब' ३० वर्षे, 'क' १० वर्षे, 'क-१' ५ वर्षे, तर 'ड' केवळ १ वर्ष जपावयाचा असतो. हा वर्ग प्रकरण बंद करतानाच नोंदवावा लागतो. तेथे चूक झाल्यास कायम जपावयाचा कागद नाशाच्या गठ्ठ्यात जाण्याचा धोका असतो.