दारं धरता धरता दोर वळा



"साहेब, छंदाला वेळ कुठला?" असं बरेच जण विचारतात. उसाला पाणी देताना सरी भरेपर्यंत बांधावर बसावंच लागतं. तोच वेळ दोर वळण्याचा.

फुलावर आलेली अंबाडी कापून पेंढ्या १० ते १५ दिवस पाण्यात कुजवाव्यात. साल सुटली की वाख धुऊन वाळवावा. दोन्ही पेड एकाच बाजूला पिळावेत व एकमेकांवर उलट बाजूला वळावेत. उलट पिळामुळे दोर उलगडत नाही.

वडील शिकवायला बसले, की मी "उद्या" म्हणायचो. ते गेले. पुढं शेजारच्या आजोबांकडून शिकलो. आपल्या घरात दोर वळणारे हात असतील, तर पुढच्या पाळीची वाट न बघता आजच त्यांच्याजवळ बसा.

— ऊस विकास अधिकारी